भिंतीतलं भोक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज सरकवून मधल्या भिंतीला लावली. गॅसवाल्यांनी त्या भिंतीवर खडूनं फुली मारली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिथं भोक पाडायला येणार होते. ती फुली झाकायची होती. नुसत्या बाजेनं भागेना, फुली वर दिसायची. मग बायकोनं बाजेवर गादी टाकली, गादीवर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी रचल्या आणि त्या ढिगावर चढून बसली. आमच्या सोलापुरात चादरींना तोटा नाही, मी तर सारा जन्म मागावर चादरीच विणल्या.

"उतर खाली, पडशील," मी म्हणालो.

"उद्या बगू की," ती म्हणाली. "मशीन भितीवर चालवत्यात का माज्यावर."

आता भिंतीपलीकडं कोण, ते सांगतो. पलीकडं माझी वैनी राहते, म्हणजे थोरल्या भावाची बायको, आमच्या हिची थोरली जाऊ. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पोरं पुण्याला. घर मूळचं एकच. बापानं मधी भिंत घालून आम्हा भावांना वाटून दिलं. रस्त्याकडचा भाग मला, मागचा थोरल्याला. मागं जायला बाजूनं एक बोळ आहे, तळाला उघडी गटार. एक शेळी आत शिरली तर दुसरीनं बाहेर थांबावं, एवढाच.

दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण चटणी. पुतणीच्या लग्नात आमच्या हिनं शेंगाचटणी केली होती, उखळात कुटून, खांदा भरून येईस्तोवर. वैनीनं बोटावर घेऊन चाखली आणि चार बायांत म्हणाली, "मिक्सरची हाय." सोलापुरातल्या बाईला चोर म्हणा, सटवी म्हणा, ती एक वेळ सोडून देईल. हे सोडत नाही.

तेव्हापासनं दोघी बोलायच्या, पण मांजराशी. ही अंगणात मांजराला म्हणायची, "काय गं, काल लई खोकत हुतीस रातभर. काढा घेतलास का न्हाय?" पलीकडनं वैनी कावळ्याला सांगायची, "घेतला रं बाबा. लोकांनी आपलं गुडघं बगावं." मांजराला आणि कावळ्याला एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक होतं.

मग हा गॅस आला. मोठी लाइन आमच्या वस्तीपर्यंत आलेली नाही, कधी येईल ते देवाला माहीत. म्हणून कंपनीनं वस्तीच्या टोकाला एक उभी पांढरी टाकी बसवली. समुद्राकडच्या बंदरावरनं टँकर येतो आणि ती भरून जातो. त्यात असतो तो गॅस वारा नसतो, पाणी असतं. इतका गार करतात की त्याचं पाणी होतं, आणि पाणी झालं की ढीगभर गॅस एका टँकरात मावतो. टाकीशेजारी पंखं असलेल्या उंच नळ्या उभ्या आहेत. ते पाणी त्यातनं फिरतं, आपल्या हवेची ऊब घेतं आणि परत वारा होऊन नळीनं घरोघर जातं. आमचं ऊन कुणाच्या कामाला आलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

कंपनीच्या तरण्या इंजिनिअरनं समाजमंदिरात बैठक घेऊन हे समजावलं. म्हणाला, समुद्रात लांब लांब बेटं असतात, तिथं लाइन जात नाही, तर लहान जहाजानं असाच गॅस नेतात. तुमची वस्ती म्हणजे एक बेटच समजा.

आमची ही मागं बसली होती. तिथनंच म्हणाली, "बेट म्हणतोस तर पाणी कुटाय रं? आमच्या नळाला चार-चार दिस येत न्हाय."

सगळी बैठक हसली. इंजिनिअरही हसला. म्हणून हिला चेव आला.

"आन् गार गॅसवर भाकरी गरम कशी हुयाची?"

त्यानं परत पहिल्यापासनं सांगितलं. हिला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन टाकीवर गेली. मे महिना, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि कुंपणाच्या आत त्या नळ्यांवर चांगला हातभर पांढरा बर्फ चढलेला. ही बराच वेळ जाळीला नाक लावून उभी राहिली. मग म्हणाली, "घ्या आपल्याकडं. ज्यानं सोलापुरात बर्फ पाडला तो भाकरी बी भाजंल."

आमच्याकडं नळी आली. मिस्त्रीनं शेगडीची भोकं मोठी करून दिली, हिनं हळदकुंकू वाहिलं, दूध उतू जाऊ दिलं. गल्लीत सगळ्यांकडं गॅस आला, राहिली एकटी वैनी. गटारीच्या बोळातनं नळी न्यायला कंपनी तयार नव्हती. जायची तर आमच्या स्वैपाकघरातनं, मधल्या भिंतीतनं. वैनीला एवढी खात्री की तिनं नव्या पेठेतनं नवी शेगडी आणली आणि आमच्या खिडकीतनं दिसेल अशी आपल्या अंगणात मांडून ठेवली.

ही मांजराला म्हणाली, "चूल आली गं. जाळ कवा येणार?"

इंजिनिअर माझ्याकडं आला. "आजोबा, घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," मी म्हणालो. "पण भिंत तिच्या नावावर हाय."

तो आमच्या हिच्याकडं गेला. तिनं अट घातली. आक्कानं, म्हणजे वैनीनं, इथं यावं, माझी चटणी खावी आणि चार बायांत म्हणावं, कुटलेली हाय. बिचारा बोळातनं मागं गेला, तिकडचा निरोप घेऊन आला. "त्या म्हणतात, मिक्सरच्या चटणीला कुटलेली म्हणायला त्यांची जीभ वळत नाही." पोरगं इंजिनिअर होऊन आलं होतं, त्याला आम्ही पोस्टमन केलं.

यात मेलो मी. वैनीचा सिलेंडर संपला की बोळातनं भरलेला सिलेंडर न्यायचा मी. माझी कंबर धरली तर वैनी स्वतःच ढकलत न्यायची, एक पाय गटारीच्या या काठाला, एक त्या काठाला. ती पडली तर हाड मोडून घेईल आणि बघायला कुणी नाही. मी हिला म्हणालोही, "अगं, म्हातारी पडंल की कवातरी."

"मग येऊन म्हणावं की कुटलेली हाय. चटणी खाऊन कोण मेलंय का?"

मधी एकदा टँकर घाटात अडकला. दुपारपासनं जाळ बारीक होत गेला आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या शेगड्या गार पडल्या. वैनीच्या सिलेंडरला काय धाड भरलीय? तिनं मुद्दाम भजी तळली. वास असा सुटला की लोकं दारात येऊन उभी राहिली.

"काय रं कावळ्या," वैनीचा आवाज आला, "समुद्राचा गॅस बुडाला म्हणं?"

ही जागची हलली नाही. डब्यातली कडक भाकरी काढली, कांदा फोडला, चटणी घेतली. "कडक भाकरीला जाळ लागत न्हाय गं मांजरे," म्हणाली आणि कडाकडा चावायला लागली, भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशी.

थोड्या वेळानं दोन अंगणांमधल्या बुटक्या भिंतीवर एक ताटली आली. भजी. "मांजराला हाय," पलीकडनं आवाज.

"मांजरं भजी खात न्हाईत," ही मला म्हणाली. "तुमी खावा."

मी खायला लागलो. पाणी प्यायला उठलो नि परत आलो तर ताटलीतली चार कमी होती. तिनं तोंडही पुसलं नाही, ओठाला तेल तसंच.

इंजिनिअरनं तरी आशा सोडली नाही, माणसं पाठवून भिंतीवर फुली मारून घेतली. तर त्या दुपारी ती चादरींच्या ढिगावर बसली, मग आडवी झाली. मी बाहेर ओट्यावर होतो. चहाची वेळ टळली तरी हाक नाही. आत गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. मला वाटलं सोंग करतीय. भांडणात जिंकली की ती अशीच झोपायची. मी म्हणालो, "उठ, जिंकलीस." हात लावला तेव्हा कळलं.

मी कुणाला हाक मारली असेल? भिंतीवर थापा मारल्या आणि "वैनी, वैनी" म्हणत राहिलो. ती पिठाच्या हातानं आली, बोळातनं, धावत. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या होत्या, त्यांना म्हणाली, "सरा. माझी जाऊ हाय, मी घालते आंघोळ." लेक मंगळवेढ्याहनं एसटीनं पोचली आणि रात्रीच आम्ही तिला नेऊन आलो. त्यातलं मी जास्त लिहीत नाही. मला येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवाले आले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकाच्या हातात ड्रिलची पेटी, दुसऱ्याच्या खांद्यावर पिवळी नळी. दारात बसलेली माणसं बघून दोघं थबकले. मी उठायच्या आत वैनी बाहेर गेली.

"परत जावा," ती म्हणाली. "तिनं व्हय म्हटलेलं न्हाय."

"बरं आजी," म्हणून ते वळले.

मी आतनं म्हणालो, "थांबा रं."

भाऊकीतला एक जण म्हणाला, "अण्णा, सुतकात भोक पाडता व्हय?" मी म्हणालो, "सुतक मला हाय, भितीला न्हाय." आणि वैनीला सांगितलं, "ती म्हणली हुती. काल दुपारी. उद्या पाडू द्या म्हणून."

हे खोटं. ती काय म्हणाली होती ते वर लिहिलंच आहे.

वैनीनं माझ्याकडं रोखून बघितलं. माझ्या लग्नाच्या आधीपासनं ती मला ओळखते. "भावजी, तिच्या तोंडचं शबुद सांगा."

आता आली का पंचाईत. गोड बोललो असतो तर तिनं तिथंच पकडला असता. आमची ही वैनीला गोड बोलणारच नाही. मी म्हणालो, "म्हणली, पाडू द्या भोक. थेरडी सिलेंडर ढकलता ढकलता गटारीत पडून मरंल, मग मी भांडू कुणासंगं?"

वैनीनं पदर तोंडाला लावला. "व्हय," म्हणाली, "थेरडी तीच म्हणायची मला. तिच्या तोंडात..." आणि पुढची शिवी गिळली. मेलेल्या माणसाला देत नाहीत. देता आली असती तर तिला बरं वाटलं असतं, मलाही.

ती दारातनं बाजूला झाली. मी गॅसवाल्यांना म्हणालो, "या आत." त्यांनी बाज सरकवली, मशीन जोडलं. मग मला आठवलं की वैनी कालपासनं इकडंच आहे, तिकडं तिचा पिठाचा डबा उघडा पडला असणार आणि सगळी माती त्यात जाणार. मी बोळातनं मागं गेलो. डबा भिंतीखालीच होता, झाकण सापडेना. मशीन सुरू झालं, गिलावा सुटायला लागला. मी टोपी काढली, डब्याच्या तोंडावर धरली आणि भोक आरपार होईस्तोवर तिथं उभा राहिलो.