आजारी पडायचा नंबर

"दम कामानं जात नाही गं, मध्ये थांबू दिलं नाही की जातो," असं म्हणून ते खुर्ची मागे ढकलायचे आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून उभे राहायचे. रॉटरडॅमच्या त्या ऑफिसात बंदराचं सॉफ्टवेअर सांभाळणारे आम्ही चौघे मराठी. त्यांत ते थोरले. नागपूरचे, पंचेचाळिशीचे, एकटे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

जगातली प्रत्येक गोष्ट एकाच खेळावरून समजावणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपल्याकडे तो खेळ क्रिकेट असतो. दादांचा होता अमेरिकन कॉलेजांचा फुटबॉल. तिकडे शिकायला गेले तेव्हा कॉलेजच्या टीमला पाणी पाजायचं काम मिळालं होतं, तेवढ्यावर आयुष्यभराचं वेड.

शनिवारी त्यांच्या घरी पोहे आणि डीव्हीडी. हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी एकमेकांवर आदळणार, मग पुढच्या चालीआधी जरा थांबणार. "आता बघा," दादा रिमोट रोखून म्हणायचे. "ही टीम थांबतच नाही. समोरचे जागेवर यायच्या आत पुन्हा सुरू. त्या जाड्याचं तोंड बघ! धावून नाही दमला तो, त्याला श्वास घेऊ दिला नाही." मग तो जाड्या एकाएकी पाय धरून आडवा व्हायचा. डॉक्टर धावत यायचे, खेळ बंद, सगळे पाणी प्यायचे. आणि दोन मिनिटांनी पठ्ठ्या ठणठणीत! दादा टाळी वाजवून हसायचे. "नाटक्या! पण बाकीच्या दहा जणांना वाचवलं की नाही?"

मला त्यात काडीचा रस नव्हता. पोहे मात्र फर्मास असायचे.

त्या वर्षी नव्या मॅनेजरनं दर आठवड्याला रिलीज लावलं, म्हणजे सॉफ्टवेअरमधले नवे बदल दर आठवड्याला बंदरात चालू करून द्यायचे. मागच्याच्या चुका निस्तरेपर्यंत पुढचं दारात. नाकी नऊ आले. नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. नोकरी गेली की राहायचा परवानाही जायचा. डच सहकारी साधी सर्दी झाली तरी एक फोन करून घरी बसत, कुणी सर्टिफिकेट मागत नसे. आणि आपण तापातही लॉगिन करणारी माणसं!

दादांनीच तोडगा काढला. फारच झालं की एकानं आजारी पडायचं. माणूस कमी पडला की रिलीज एक दिवस पुढे जायचं आणि सगळ्यांना श्वास मिळायचा. नंबरही लावले. पहिला माझा. मी फोनवर अशी काही खोकले, की मॅनेजरनं मला आलं-मध घ्यायला सांगितलं.

दादांचा नंबर शेवटचा. तो आला की म्हणायचे, "मला नको. तुझ्या लेकीला बरं नाही ना, तू घे." आम्ही घेत गेलो. खरं सांगते, लाजही वाटली नाही.

मग एका बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, आज मी येत नाही. छाती जड झालीय." आवाज अगदी बारीक.

"व्वा दादा! आमच्यापेक्षा झकास जमतंय की तुम्हाला," मी म्हणाले.

"नाही गं, खरंच..."

"कळलं, कळलं! मॅनेजरला सांगते मी. तुम्ही पडा निवांत."

ते "बरं," म्हणाले.

गुरुवारी ते आले नाहीत, फोनही उचलेनात. संध्याकाळी आम्ही घरी गेलो. घरमालकानं किल्लीनं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी दुपारीच गेले असावेत.

नागपूरहून भाऊ आला. दादांचा शेवटचा फोन कुणाला आला होता, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, "मला. बरं वाटत नाही एवढंच म्हणाले." तेव्हा मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

त्या बुधवारी रिलीज पुढे गेलं. चारलाच सुटलो आम्ही. लख्ख ऊन पडलं होतं. तिघंही नदीकाठी बसून मेयोनेज घातलेले बटाट्याचे काप खात होतो. "शिकले बाई दादा एकदाचे!" मी म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसलो. घरी जाऊन मी झोपले. इतकी गाढ झोप मला त्या वर्षात लागली नव्हती.