नेक माणूस, कच्चा रावी

पुसदला आमच्या मोहल्ल्यात शुक्रवारी बायकांचा हदीसचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या उस्तानी कडक. पैगंबरांचं बोलणं कोणी कोणाकडून ऐकलं, आणि त्या प्रत्येक सांगणाऱ्याची, म्हणजे रावीची, जुन्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, कशी झाडाझडती घेतली, हे त्या शिकवत होत्या. माणूस नमाजी, दानशूर, पण विसरभोळा? मग माणूस नेक, रावी कच्चा. एका आलिमानं तर सख्ख्या बापालाच कच्चं ठरवलं. मला राहवलं नाही. "ही तर गीबत झाली, पाठीमागची निंदा!" उस्तानी म्हणाल्या, "नाही. ज्याच्यावर दुसरा विसंबणार, त्याचं खरं सांगावंच लागतं. सोयरिकीच्या चौकशीतही तसंच."

नेमकं तेच माझ्या बोकांडी बसलं. भाच्याची, भावाच्या मुलाची, सोयरीक दारव्ह्याच्या मुलीशी जुळत होती आणि मुलीची आई चौकशीला माझ्याकडे येणार होती. आदल्या दिवशी भावाचा फोन. "आपा, चांगलंच सांगजो."

भाचा कामाला वाघ, हसरा, माझ्यावर जीव टाकणारा. पण राग आला की हात उचलतो. स्वतःच्या बहिणीच्या कानाखाली वाजवलेली मी पाहिली आहे, नंतर आईच्याही. घरात सगळे म्हणतात, लग्न झालं की सुधरेल. या वाक्याची मला भयंकर चीड येते. सून म्हणजे काय मेडिकलमधलं औषध आहे?

मुलीची आई आली. मला बसवेना, उभंही राहवेना. उन्हाबद्दल बोलले, सोयाबीनबद्दल बोलले, उगाच पंखा कमीजास्त केला. भाऊ मला एकच आहे. खरं सांगितलं तर तो तुटेल.

"आपा, पोरगा कसा हाय ते सांगा ना," ती म्हणाली. "मी त्याच्यासाठीच आली."

"कामाचा हाय. व्यसन नाही."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "पण राग आला का हात उचलते. बहिणीवर उचलला, मायवर बी."

चहावर साय धरली. मला वाटलं, आता ही मलाच नावं ठेवणार. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माह्या लग्नाच्या वक्ती बी माह्या बापानं चौकशी केलती, आपा. सगळ्यायनं पोरगा चांगलाच हाय म्हणून सांगतलं."