कानमिस्त्री

गॅरेजच्या पाटीवर त्याचं नाव होतं, पण पाटी काजळीखाली कधीच गडप झाली होती आणि लोक त्याला कानमिस्त्रीच म्हणत. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे; मग कुठली बेअरिंग रडतेय, कुठला वॉल्व्ह कुरकुरतोय, ते बसल्या जागी सांगायचा. घराचं मागचं दार गॅरेजातच उघडायचं. तिथं उभं राहून बायको बोलायला लागली की खेकसायचा, "अगं, तोंडाला जरा कुलूप लाव. गाडी काहीतरी सांगतेय."

"गाडीचं बरं ऐकता. आमचंही कधी बोनेट उघडून बघा."

अलीकडे मात्र गाड्या त्याच्याशी फार हळू बोलायला लागल्या होत्या. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक बोललं की ओठांकडे बघायचा आणि उरलेलं अंदाजानं ठोकून द्यायचा.

काल लेक मोठी गाडी घेऊन आली, जावयानं सगळं घर मावेल अशी घेतलेली. "बाबा, ब्रेक मधूनच कडक होतो. हे म्हणतात, तुझ्याच पायात जोर नाही." त्यानं गार इंजिन सुरू केलं. पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. पेचकस लावला, कान लावला. काही नाही.

"ठणठणीत आहे. जा बिनघोर."

आज दुपारी ती परत आली ती पहिल्या गिअरमध्ये, गाडी रखडवत. मागे दोन्ही पोरं गप्प. ही पोरं गप्प बसली यातच सगळं आलं.

"शाळेच्या उतारावर पेडल दगड झालं, बाबा. दोन्ही पायांनी त्याच्यावर उभी राहिले. हँडब्रेक ओढला म्हणून फाटकाच्या अलीकडे थांबलो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही ठणठणीत म्हणाला होतात."

बायकोनं पोरांना आत नेलं. तो सीटवर बसला. तापलेलं इंजिन चालूच होतं. पाय ठेवला. पेडल जागचं हललं नाही. पेडलामागे बूस्टरचा डबा असतो. इंजिन नळीवाटे त्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीनंच पायाला जोर मिळतो. ती ओढ कुठंतरी गळत होती, डब्यात नाहीतर नळीत. आणि असली गळती फुसफुसते. ती त्यानं आयुष्यभर कानानंच धरली होती.

तो वाकला. इंजिनाची घरघर कुणी पांघरुणाखालून बोलावं तशी येत होती. फुसफुस नव्हती. नळीवर वरून बोट फिरवलं, नव्यासारखी वाटली.

"डबा गेलाय," तो म्हणाला. "जुना एक पडलाय माझ्याकडे, तो बसवतो. संध्याकाळी घेऊन जा."

"नक्की ना?"

तेवढ्यात बायको दारात आली. तिचे ओठ हलले. त्याला अर्धंच कळलं. लेक मात्र तिच्याकडे वळून म्हणाली, "मला पण येतोय तो आवाज, आई. सुस्स असा. मला वाटलं, बाबांना येतच असेल."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. तो आवाज वेगळा, पट्ट्याचा, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द जिभेवर आले होते. पण मागच्या सीटवर पोरांची दप्तरं तशीच पडली होती.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकू. काल होता की नव्हता, तेही मला ठाऊक नाही."

"मग ठणठणीत कशाच्या जोरावर म्हणालात?"

बायकोनं केस कानामागे सारले. "त्यांना नंतर झोड, मी पण येते मदतीला. आधी सांगा, कान कुठं लावू?"

"पंख्यापासून लांब. या नळीबरोबर मागे जा."

ती वाकून सरकत गेली. "इथं नाही. इथंही नाही. थांबा... हे बघा, डिवचलेल्या सापासारखं."

नळी डब्यावर चढते तिथली खालची वळकटी. त्यानं तिथं अंगठा दाबला. अंगठा आत ओढला गेला. "पेडल दाब गं," तो लेकीला ओरडून म्हणाला.

"गेलं खाली," लेक सीटवरून म्हणाली.

नळी काढली तर वळकटीत उभी चीर. गार असली की मिटायची, तापली की ओठ उघडायची. नवी नळी कापून चढवली, क्लिपा आवळल्या. इंजिन बंद करून कडक होईपर्यंत पेडल मारलं, मग पाय तसाच ठेवून चावी फिरवली. पेडल पायाखाली अलगद बसलं. पण तेवढ्यावर थांबला नाही. इंजिन चांगलं तापू दिलं, जे काल केलं नव्हतं.

"सुस्स होतंय का?"

बायकोनं सावकाश ऐकलं. "नाही."

त्याला ती फुसफुस मघाशीही ऐकू येत नव्हती, आताही नाही.

"पोरं बसायच्या आधी उतारावरून फिरवून आणा," लेक म्हणाली. अजून ती त्याच्याकडे नीट बघत नव्हती. "दोघं जा."

बायको शेजारी बसली. उताराच्या तोंडाशी त्याचे हात स्टिअरिंगवर आवळले. गाडी घरंगळायला लागली, समोर फाटक मोठं होत गेलं. त्यानं पाय टेकवला. गाडी नमली, हळू झाली, फाटकाच्या बरीच अलीकडे उभी राहिली.

"काय म्हणतेय?" त्यानं तिच्या तोंडाकडे वळून विचारलं.

"गप्प आहे," ती म्हणाली. "आता मी बोलू?"