अर्धी खूण

माझ्या मावशीला सगळी वस्ती टाकेवाली म्हणायची. रिंगणाला लागून एक बुटकी खोली होती, तिथे तिचा दिवस जायचा. आत एक लांब बाकडं, चुलीवर कायम उकळतं पाणी, दोऱ्याची रिळं आणि कापडाच्या उशीत खोचून ठेवलेल्या वाकड्या सुया. आमच्यात ज्याचं ज्याचं लग्न झालं, तो त्या बाकड्यावर एकदा तरी बसलेला आहे.

कारण आमच्यात लग्न म्हणजे वार. आमचे पूर्वज म्हणे एका जगातून दुसऱ्या जगात लढतच गेले. आता लढायला समोर कुणी उरलेलं नाही, सगळे आपापल्या पोटापाण्याला लागलेत, पण लग्न काही अजून कट्यारीशिवाय होत नाही. मनात कुणी भरलं की आपली कट्यार त्याच्या उंबरठ्यावर ठेवायची. समोरच्याने उचलली तर होकार, ओलांडून गेला तर नकार. मग ठरल्या दिवशी दोघांनी रिंगणात उतरायचं, दोन्ही घरच्यांनी भोवती उभं राहायचं आणि दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर एकेक वार करायचा. पंचांच्या तीन हाकांच्या आत रक्त आलं पाहिजे, नाही आलं तर तोही नकारच. तो व्रण म्हणजे लग्नाची खूण. टाके घातले की दोघांना एका खोलीत सोडतात आणि टाके निघेपर्यंत त्यांनी एकमेकांची जखम धुवायची, बांधायची. संसार तिथून सुरू होतो. परक्याला हे रानटी वाटेल. माझी आई म्हणायची, आपल्याला दुखवायचा हक्क आपण एकाच माणसाला देतो आणि चारचौघांत देतो, एवढंच.

मावशी आईपेक्षा मोठी. तिचं वय उलटून चाललं तरी तिच्या उंबरठ्यावर कुणी कट्यार ठेवली नव्हती. लोकांना ती आवडत नव्हती असं नाही, पण दुखत असतानाच जिची भेट होते, तिच्याशी लग्न करावं असं कुणाच्या डोक्यात येत नसावं. तिलाही त्याचं फारसं काही वाटत नसे. कामात बुडालेली असायची.

मग एकदा वाऱ्याने तिच्या खोलीची कौलं सरकली आणि उकळत्या पाण्यात वरून धूळ पडायला लागली. कौलं भाजणारा एक जण होता, त्याला सगळे कौल्याच म्हणत. तो छपरावर चढला आणि फटीतून खाली डोकावून म्हणाला, "बाई, पाण्यावर झाकण ठेवा."

"ठेवलंय. तुम्ही तेवढं पडू नका. नाहीतर तुम्हाला शिवत बसावं लागेल."

"असं होय? मग पडतोच."

आई तेव्हा तिथेच रिळं गुंडाळत बसली होती. ती सांगायची की ताई हसली, आणि तिच्या मानेवरचा तुरा ताठ उभा राहिला. आमच्यात ही एक पंचाईत आहे. कुणावर मन गेलं की मानेवरचा तुरा उभा राहतो, लपवायची सोयच नाही. मावशीने घाईघाईने मानेवरून फडकं बांधलं.

"थंडी वाजतेय वाटतं?" आईने विचारलं.

"गप बस."

त्यानंतर त्या छपराची कौलं फारच सरकायला लागली. वारा असो नसो, कौल्या आपला वर. दोघं छपरातूनच बोलत. तो कौलांच्या भट्टीवरच्या गोष्टी सांगायचा, कुणाची नक्कल करायचा, आणि खाली बाकड्यावर बसलेला माणूस टाके घालून घेता घेता खदखदून हसायचा.

त्याच दिवसांत पाववाल्याच्या मुलाचं लग्न झालं. त्याच्या बायकोने जेमतेम ओरखडा काढला होता. पण काय झालं कुणास ठाऊक, जखम चिघळली, खांदा सुजला, पोरगा तापाने फणफणला. मावशीने जखम उघडली, धुतली, पुन्हा धुतली. तिने काही करायचं बाकी ठेवलं नाही. पोरगा गेला. त्याची बायको बाकड्यावर बसून एकच विचारत होती, "मी जोरात मारलं का हो? सांगा ना, जोरात मारलं का?"

"नाही गं," मावशी म्हणत राहिली, "ओरखडाच होता."

पुढे थोड्याच दिवसांनी कौल्याने मावशीच्या उंबरठ्यावर कट्यार ठेवली. ती खाली वाकली आणि इतका वेळ वाकूनच राहिली, की आईला वाटलं ही आता कट्यारीसकट तिथेच बसकण मारणार. पण तिने उचलली. छातीशी धरून आत आली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिने फडकं बांधलं नाही.

मग सराव. मावशीने जन्मात कुणावर हत्यार उगारलं नव्हतं. आईने भुशाचं पोतं खुंटीला टांगलं.

"मार."

मावशीने मारलं.

"ताई, तू वार करतेयस की धूळ झटकतेयस?"

शेवटी एकदा पोतं फाटलं. भुसा भसाभस खाली आला. आई टाळ्या पिटत होती, आणि मावशी सुई-दोरा घेऊन पोत्याला टाके घालत बसली होती. दोघी हसून हसून लोळल्या.

रिंगणात पहिला वार कौल्याने केला. हलक्या हाताने, सरळ, दोन बोटं लांब. मग त्याने आपल्या सदऱ्याची बाही उतरवली आणि खांदा पुढे केला. त्याचा तुरा सगळ्यांसमोर उभा होता आणि त्याची आई तोंडाला पदर लावून हसत होती.

"आता तू," तो हळूच म्हणाला.

पंचांनी पहिली हाक दिली. मावशीने कट्यार त्याच्या खांद्यावर टेकवली. भट्टीच्या धगीने रापलेला तो खांदा, त्यावर कधी साधी सुईसुद्धा टोचलेली नव्हती. दुसरी हाक झाली. आईला वाटलं, मारते आता. कट्यार तिथेच टेकलेली. तिच्या स्वतःच्या खांद्यातून रक्त वाहून कोपरापर्यंत आलं होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"एवढंसं," कौल्या म्हणाला. "ओरखडा काढ फक्त."

तो शब्द त्याने उच्चारायला नको होता. तिसरी हाक झाली आणि मावशीने हात खाली घेतला.

पंच म्हणाले, "नकार."

त्याच्या आईने पदर तोंडावरून काढला. कौल्या उघड्या खांद्याने कितीतरी वेळ तसाच उभा होता, जणू अजून एखादी हाक राहिली असेल.

नियम नियमच. नकार झाला की त्या दोघांचं लग्न पुन्हा लागत नाही. कौल्याच्या अंगावर खूण नव्हती, तो मोकळा होता. मावशीच्या अंगावर होती, तीही अर्धी. खूण असलेल्या बाईच्या उंबरठ्यावर कुणी कट्यार ठेवत नाही. ती लग्नाचीही नाही आणि बिनलग्नाचीही नाही.

दुसऱ्या दिवशी तो खोलीच्या दारात आला. आत पाऊल टाकलं नाही. मावशीने स्वतःची जखम एका हाताने कशीबशी शिवली होती. टाके वाकडेतिकडे पडले होते.

"का?" त्याने विचारलं.

"त्या पोरालाही ओरखडाच होता."

"मी मेलो असतो तरी चाललं असतं मला."

"मला नसतं चाललं."

"मग आता जे झालं, ते चालतंय तुला?"

मावशीने चुलीवरच्या पाण्यावर झाकण ठेवलं. तो गेला. छपराची कौलं पुढे दुसऱ्याच कुणीतरी बसवली.

त्याने बरीच वर्षं लग्न केलं नाही. शेवटी त्याच्या आईने अंथरूण धरलं आणि गाडीवानाच्या मुलीशी ठरलं. आईने मावशीला विनवलं, "ताई, त्या दिवशी पलीकडच्या वस्तीतली टाकेवाली बोलावू. तू घरी राहा."

"माझं काम आहे ते," मावशी म्हणाली. "तिचे टाके जाड असतात."

गाडीवानाच्या मुलीचा हात पक्का होता. वार खोल आणि सरळ बसला होता. कौल्या बाकड्यावर बसला, मावशीने जखम धुतली, पुन्हा धुतली, इतकी धुतली की नवरी म्हणाली, "अहो, झाली की स्वच्छ."

"अजून एकदा," मावशी म्हणाली.

तेव्हा मी लहान होते, पाण्याचं पातेलं धरून उभी होते. पूर्ण वेळ तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. फक्त शेवटच्या टाक्याला म्हणाला, "दुखत नाहीये." मावशीने मान हलवली. तिने फडकं घट्ट बांधलेलं होतं. दोघं नवराबायको त्यांच्या खोलीत गेली, आणि मावशी बाकडं पुसत बसली. ते कधीच कोरडं झालं होतं, तरी पुसत होती.

ती जखम सुकून गेली. साधी लालीसुद्धा आली नाही. कौल्याला पोरं झाली, नातवंडं झाली. तो अजून छपरांवर चढतो, वय झालं तरी ऐकत नाही. त्याचं डोकं दुखल्याचंही कधी आमच्या कानावर आलं नाही. मावशी हे सगळं ऐकायची आणि म्हणायची, "चांगलं आहे." यात तिचं काही खोटं नव्हतं. तेच आम्हाला ऐकवत नसे.

ती आमच्याच घरी राहिली. मला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. माझं लग्न झालं तेव्हा तिची नजर अधू झाली होती, तरी मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. मी रिंगणातून थेट तिच्यापाशी आले. अंगात अजून वारं भरल्यासारखं होतं, मी अखंड बडबडत होते. ती शिवत होती. मधेच तिने विचारलं, "मारताना काय वाटलं गं?"

मला तेव्हा सगळं ठाऊक होतं. थोडं थांबून, विचार करून बोलता आलं असतं. पण मी वीस-बावीस वर्षांची, नुकती नवरी झालेली. जे खरं तेच तोंडातून गेलं.

"काहीच नाही, मावशी. हात आपोआप गेला."

"आपोआप," ती म्हणाली.

सुई तशीच हातात राहिली. तिला दोरा दिसत नसावा असं वाटून मी दिवा पुढे सरकवला. पण ती दोऱ्याकडे बघतच नव्हती. मग तिने गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि माझ्या पाठीवर थापटलं.

"झालं तुझं," ती म्हणाली. "जा, आता त्याला आत पाठव."