गुडघ्यांची चौकशी

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत तो रोज सकाळी दुधाच्या दुकानापाशी भेटतो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गाडीच्या मागच्या काचेवर स्वतःचाच हसरा फोटो. एकदा मी त्याला प्लॉटचा दलाल म्हटलं, तर केवढं लागलं त्याला! "काकू, दलाल नका म्हनू. मी बिझनेस करून राहिलो, सिरियसली. अकोल्याले जाऊन मार्केटिंगचा कोर्स केला."

चौकशी सगळ्यांची करतो. समोरच्या निवृत्त मास्तरांना विचारायचा, "सर, पोरगं पुन्याहून कधी येऊन राहिलं?" मला विचारतो, "काकू, काय म्हनते गुडघे? जिना चढनं जमते का?" किती माणुसकीचा पोरगा आहे, असं मी लेकीला फोनवर सांगितलंही होतं.

मग मास्तरांच्या फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लागली, खाली तोच हसरा फोटो. त्याच आठवड्यात त्यानं मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. लिफ्टवाला फ्लॅट, गुडघ्यांना आराम!

तेव्हापासून मी सावध झाले. आता त्यानं विचारलं की "एकदम ठणठणीत" म्हणते आणि कठड्याला हात न लावता आमचा बाहेरचा जिना ताठ मानेनं चढते. वळणावर त्याला दिसेनाशी झाले की पायरीवरच मटकन बसते.

मध्यंतरी तो सासरी तेल्हाऱ्याला गेला होता. तेवढे दिवस माझ्या गुडघ्यांचं कोणीच विचारलं नाही. फोनवर लेकीनंही नाही.