पेपरात घातलेली माझी कविता

गेल्या रविवारी दुपारी न्यू पनवेलच्या घरी पेपर तपासत बसलो होतो. पंखा, मी आणि सेकंड इयरचा गठ्ठा… घरात आणखी कोणी नसतं. चार वर्षं झाली त्याला.

मी इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली प्रेमकविता हा माझा लाडका विषय… दरबारातले कवी, त्यांच्या रुसलेल्या प्रेयसी, विरह वगैरे. नोट्स बावीस वर्षं त्याच. 'प्रेयसी निष्ठुर, कवी घायाळ' असं मी सांगायचं आणि पोरांनी उतरवून घ्यायचं.

परीक्षेत आम्ही एक न शिकवलेली कविता देतो, तिच्यावर मुलांनी आपल्या मनाने लिहायचं. यंदा पेपर माझ्याकडे होता आणि मला दुर्बुद्धी सुचली… मी स्वतःचीच कविता घातली. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला बायकोवर लिहिलेली, जुन्या वळणाच्या इंग्रजीत उतरवून, खाली नाव न घालता. हौस हो, दुसरं काय.

कवितेत ती हरिणी, मी शिकारी. ती किल्ला, मी वेढा घालून बसलेला. मध्ये डोळे, ओठ, मान यांची यादी. तेव्हा पाहुण्यांसमोर वाचली होती, मित्रांनी पाठ थोपटली होती. बायको तेव्हा किचनमध्ये पावभाजीच्या प्लेटा भरत होती.

बहुतेक पोरांनी माझ्याच नोट्स मला परत केल्या. निष्ठुर प्रेयसी, घायाळ कवी… वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एक पेपर आला. उरणकडची मुलगी, वडिलांची मासेमारीची बोट आहे, वर्गात गप्प असते. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मुद्दा सरळ. तिने लिहिलं होतं, हा कवी प्रेम करत नाही, जिंकायला बघतो. जोर सगळा त्याच्याकडे आहे आणि वर रडतोही तोच. अख्ख्या कवितेत त्याने तिला एक प्रश्न विचारलेला नाही. आणि शेवटी… ही कविता तिच्यासाठी नाहीच, दुसऱ्या पुरुषांना ऐकवायला लिहिली आहे.

मी पेन खाली ठेवलं. चहा केला, तो तसाच राहिला. दहापैकी सात दिले… रागाने दिले.

सोमवारी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. हे कुठे वाचलंस म्हणून विचारलं. ती जरा घाबरली.

"वाचलं नाय सर. आमच्याकडं हळदीला बाप्ये नाचतात ना, गाण्यात सगळी पोरीची तारीफ. पण पोरगी तिथं नसतेच. एकमेकांना दाखवायला नाचतात. मला तसंच वाटलं."

ते दरबारी कवी तरी वेगळं काय करत होते… कविता हाताने लिहून पुरुषांच्या घोळक्यात फिरवायचे. कोणाची सरस ते तिथे ठरायचं, त्यावर वरच्यांची मर्जी मिळायची. हे मी दर वर्षी शिकवतो आणि स्वतःकडे कधी बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सातचे नऊ केले आणि तिला जा म्हटलं.

बायको आता नाशिकला असते, तिथेच नोकरी करते. कागदावर आम्ही अजून नवरा-बायको आहोत. लग्नाच्या दर वाढदिवसाला मी तिला कविता पाठवतो… आणि फॅमिली ग्रुपवरही टाकतो. ग्रुपवर वाहवा होते, तिच्याकडून हात जोडलेली इमोजी येते. तरी या वर्षीची वाचून ती परत येईल, असं मला दर वर्षी वाटतं. हसू नका.

परवा बुधवारी पुन्हा तो दिवस होता. यंदाची कविता तयार होती, चांगली जमली होती. पाठवली नाही. त्याऐवजी फक्त तिलाच लिहिलं, तुझं काही बोलायचं राहिलंय का? मी मध्ये बोलणार नाही. पाठवल्यावर इतकी भीती वाटली की फोन उलटा ठेवून भांडी घासायला घेतली.

संध्याकाळी तिचा फोन आला. पन्नास मिनिटं ती बोलली. तीनदा मी सफाई द्यायला तोंड उघडलं, तीनदा मिटलं. आपण परत येणार नाही, हेही तिने शांतपणे सांगितलं. फोन ठेवल्यावर मी रडलो… घर इतकं रिकामं याआधी कधी वाटलं नव्हतं.

उरणच्या त्या मुलीचे आभार मानायचे आहेत. कविता कोणाची होती ते तिला आज इथेच कळेल.

ही पोस्ट टाकण्याआधी बायकोला विचारलं. 'मी परत येणार नाही' हे लिही म्हणाली, म्हणजे लोक विचारायचे थांबतील. म्हणून लिहिलं. बाकी त्या पन्नास मिनिटांत ती काय काय बोलली, ते इथे लिहिणार नाही… ते कोणाला ऐकवायचं नाहीये.