पाण्याआधी क्रियापद

शाहपुऱ्यातल्या माझ्या दुकानासमोर इंग्रजीचा नवा क्लास उघडलाय. आज सकाळी ते फळ्याला काळा रंग देत होते आणि टर्पेंटाइनचा तो उग्र वास रस्ता ओलांडून थेट माझ्या टेबलापर्यंत आला. वासाबरोबर माझं डोकंही तापलं. पिपलानीत, आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या व्हरांड्यात असाच फळा होता. कारखान्यात येणाऱ्या यंत्रांच्या खोक्यांचं लाकूड आम्हाला गेटपासवर विकत मिळे. अर्ध्या वसाहतीचे दिवाण, टेबलं, देव्हारे त्याच लाकडाचे. तो फळाही त्याच फळ्यांचा, मीच जोडून दिलेला. त्याच्यासमोर साहेबांच्या भाच्यांना खुर्च्या होत्या, मला फरशी.

शिकवणारे साहेब पुण्याकडचे, कार्मिक विभागातले. आम्हा कामगारांना ते फुकट शिकवत आणि फुकट शिकवतो हे रोज ऐकवत. मी लेथवर टर्नर होतो. सुपरवायझरच्या जागा निघणार होत्या, मुलाखत इंग्रजीत होणार होती, म्हणून पाळी संपली की हातांचं तेल घासून काढून मी तिथे जाऊन बसायचो.

साहेबांचा आवडता धडा म्हणजे प्रश्नातला शब्दक्रम. "विधानात कर्ता पुढे. प्रश्न विचारायचा तर क्रियापद पुढे येतं, कर्ता मुकाट मागे जातो," असं ते सांगत आणि 'मागे' म्हणताना आमच्याकडे बघत. मला तेव्हाही त्या मिजाशीची कीव यायची. आपल्याकडे वाक्याच्या शेवटी एवढासा 'का' ठेवला की प्रश्न होतो, त्यासाठी कुणाला जागेवरून उठवावं लागत नाही. इंग्रज उठवतात, तर उठवोत बापडे. ती त्यांची सवय. पण साहेबांना त्या उठाबशीत सगळी संस्कृती दिसायची. म्हणून वर्गाचा नियमच होता, जे हवं ते इंग्रजीत आणि बिनचूक क्रमाने मागायचं. पाणीसुद्धा.

आमच्यात फाउंड्रीतले एक काका होते, नागपूरकडचे, निवृत्तीला आलेले. नातवाच्या शाळेत बाईंशी चार वाक्यं बोलता यावीत, एवढ्यासाठी यायचे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते भट्टीवरून तसेच आले. ओठ फुटलेले.

"आय मे ड्रिंक वॉटर, साहेब?"

साहेबांनी माठातून पेला भरला आणि हातातच धरून ठेवला. "उलटं झालं. पुन्हा."

"आय... वॉटर मे..."

"आयुष्य लोखंड वितळवण्यात गेलं, आणि दोन शब्द जागेवर ठेवता येत नाहीत? पुन्हा."

खुर्चीवरचे भाचे खिदळले. काकाही हसले, आणि त्यांचं ते हसणं मला सहन झालं नाही. मी उठलो, साहेबांच्या हातातून पेला काढून घेतला आणि काकांना दिला.

"कुणाला विचारून?" साहेब ओरडले.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. "प्या, काका."

मुलाखतीला टेबलापलीकडे साहेब होतेच. दोन इंजिनिअरांनी ड्रॉइंग पुढे करून खोदून खोदून विचारलं; मी सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्द जागचा हलू न देता. साहेबांनी एकही प्रश्न विचारला नाही. यादीत माझं नाव नव्हतं. त्यांच्याच विभागातल्या कारकुनाने सांगितलं, शेरा होता 'इंग्रजी अपुरं'. 'उद्धट आहे' असं लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं. पण ज्याला स्वतःच शिकवलं, त्याच्याविषयी खोटं लिहायला या माणसाचा हात कचरला नाही. एवढीच त्याची विद्वत्ता.

यादी लागली त्या दिवशी सायकल स्टँडवर काकांनी मला गाठलं. "माह्यापायी तुही जागा गेली का रे, बापू?"

"छे हो काका, जागाच कमी होत्या."

पुढे मी नोकरी सोडली, जुनी यंत्रं घेऊ-विकू लागलो. बाजारात चालतं तशा मोडक्या इंग्रजीत मद्रासपासून लुधियान्यापर्यंत सौदे केले. शब्द मागेपुढे झाले म्हणून एकही फिसकटला नाही. साहेबांविषयीचा तिटकारा इतक्या वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. काळ सगळं बोथट करतो म्हणतात, ते म्हणणाऱ्यांचं काही गेलेलं नसतं. अडतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्या संध्याकाळी काकांनी आणखी एकदा प्रयत्न का केला नाही, असा राग अजूनही कधीतरी मनात येतो. काका आता नाहीत. त्यांना मी खोटं सांगितलं, ते बरं केलं.